तलावाला पाठ लावून किल्ला उभारला, तर बाकीच्या इमारती कुठे बांधाव्यात?

तळ्याकाठी, सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझा प्रश्न 'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरील युद्धखेळातील एका नकाशाविषयी आहे. नकाशा आम्ही घरीच तयार केला आहे, पण अडचण पाण्याजवळ इमारती उभारण्याची आहे आणि ती इतर खेळांतही येत असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या सुटीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने सिनॅरिओ एडिटरमध्ये, म्हणजे खेळातल्या नकाशे बनवण्याच्या साधनात, आपला भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव उभा केला. मूळ रचना शक्य तितकी जपली आहे. तलाव किल्ल्याच्या पूर्व तटाला भिडलेला आहे, उरलेल्या तिन्ही बाजूंना पाण्याने भरलेला खंदक आहे, तलावाच्या मध्यावर मंदिराचे बेट आहे आणि त्या बेटाकडे जाणारा रस्ता आहे. एका खेळाडूचे टाऊन सेंटर, म्हणजे वस्तीची मुख्य इमारत, किल्ल्याच्या आत असते आणि दुसऱ्याचे तलावापलीकडे, पूर्वेच्या मोकळ्या माळावर. लाकूड, सोने आणि दगड दोघांनाही सारख्याच अंतरावर मिळतील याची काळजी घेतली आहे.

किल्ल्यातला खेळाडू सहज जिंकेल असा आमचा अंदाज होता, कारण त्याची एक अख्खी बाजू पाण्याने राखलेली आहे. प्रत्यक्षात आजवर झालेल्या १२ डावांपैकी ९ डाव किल्ल्याने गमावले. आम्ही बाजू आलटून पालटून घेतो, त्यामुळे हा दोघांच्या कौशल्यातील फरक आहे असे म्हणता येत नाही. हरण्याची रीतही जवळजवळ दर वेळी सारखीच असते. सुरुवातीचा काळ निवांत जातो, पण खेळाच्या चार युगांपैकी दुसऱ्या युगात पोहोचेपर्यंत आत जागाच उरत नाही. टाऊन सेंटर तलावाच्या अगदी काठावर असल्याने शेते एकाच अंगाला लावावी लागतात, घरे दाटीने उभी राहतात आणि बराकीतून निघालेले सैनिक दरवाजापर्यंत जाताना अडकून पडतात. ईशान्येच्या कोपऱ्यात बांधलेला डॉक, म्हणजे जहाजांचा धक्का, काही वेळ मासळी देतो आणि नंतर समोरच्या काठावरून आलेली जहाजे तो पाडतात. त्यानंतर तीच जहाजे काठावरच्या घरांवर बाण सोडत राहतात आणि तटाआडचे धनुर्धारी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

डॉक, टाऊन सेंटर आणि कॅसल (खेळातली बाण सोडणारी गढी) यांपैकी कोणती इमारत पाण्याजवळ असावी आणि कोणती दूर, हे ठरवण्याची काही निश्चित पद्धत आहे का? की चूक इमारतींच्या जागेत नसून आमच्या नकाशातच आहे? भावाचे मत असे आहे की तलाव लहान करावा. मला ते पटत नाही, कारण मग तो आपला तलाव राहणार नाही.

गॅलीवाला, होटगी रस्ता (उत्तर)

आपला प्रश्न वाचून प्रथम एकच गोष्ट विचारावीशी वाटली: आपण काढलेला खंदक तलावाला जोडलेला आहे का? आपल्या वर्णनावरून तसे दिसते. तसे असेल, तर आपण शत्रूच्या जहाजांना किल्ल्याला प्रदक्षिणा घालण्याची वाट खोदून दिली आहे. या खेळात खंदक आणि तलाव असा भेद नाही. पाण्याचे चौकोन एकमेकांना लागून असले की त्यांवरून गॅली, म्हणजे बाण सोडणारे लढाऊ जहाज, जाते, मग ते पाणी आपण संरक्षणासाठी आणलेले असो वा सौंदर्यासाठी. खंदक जिथे तलावाला मिळतो तिथे दोन्ही टोकांना जमिनीचा एकेक बांध ठेवा, म्हणजे खंदक पुन्हा खंदक होईल.

कोणत्याही नकाशावर इमारत ठेवण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे या पाण्यावरून कोण जाऊ शकते. ज्या तळ्याच्या काठावर शत्रूला पोहोचताच येत नाही, ते तळे म्हणजे फुकट मिळालेली भिंत आहे आणि त्याला पाठ लावून काहीही बांधावे. ज्या पाण्याचा दुसरा काठ शत्रूच्या हातात आहे, ते पाणी म्हणजे त्याच्यासाठी रुंद रस्ता आहे. त्या रस्त्यावर आपल्याला भिंतही घालता येत नाही, कारण तट पाण्यावर बांधता येत नाहीत. नदीच्या उताराची, म्हणजे उथळ पाण्याची, गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथून पायदळही जाते आणि जहाजही जाते, पण तिथे घर किंवा भिंत उभी राहत नाही, म्हणून उताराच्या तोंडाशी मागे सरकून जमिनीवरच नाकेबंदी करावी लागते. आपल्या नकाशातला तलाव दुसऱ्या प्रकारचा आहे आणि आपण तो पहिल्या प्रकारचा समजून खेळत आहात. ९ डाव गमावण्याचे कारण मला यातच दिसते.

आता इमारतींविषयी. डॉकला १५० लाकूड लागते आणि मासेमारीच्या एका नावेला ७५. नावा मासळी फक्त डॉकवरच उतरवतात, त्यामुळे डॉक माशांच्या थव्यापासून जितका दूर, तितका प्रत्येक फेरीत वेळ वाया जातो. म्हणून सगळे खेळाडू डॉक माशांजवळ बांधतात आणि ते योग्यच आहे, पण आपल्या नकाशात त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो टाऊन सेंटरच्या माऱ्यात असला पाहिजे. टाऊन सेंटरचा पल्ला ६ चौकोनांचा आहे आणि सुधारणा न केलेल्या गॅलीचा ५ चौकोनांचा. आत गावकरी शिरवून ठेवले, तर डॉकपाशी आलेली गॅली बाण खाल्ल्यावाचून राहत नाही. ईशान्येच्या कोपऱ्यातला आपला डॉक एकटा पडला होता, म्हणूनच तो दर वेळी पडत गेला.

यावर आपण म्हणाल की मग टाऊन सेंटर काठावरच ठेवावे लागेल आणि शेतांची अडचण तशीच राहील. इथे हिशेब बदलायला हवा. सुरुवातीच्या काळात एका शेताला ६० लाकूड लागते आणि त्यातून १७५ अन्न मिळते. खोल पाण्यातल्या एका थव्यात २२५ अन्न असते, काठाजवळच्या थव्यात २००, आणि मासळी संपल्यावर १०० लाकडाचा एक फिश ट्रॅप, म्हणजे पाण्यातला माशांचा सापळा, लावला की त्यातून ७१५ अन्न निघते. ट्रॅपवरची कमाई संथ असते हे खरे, पण तो तटाच्या आतली एक वीतभरही जागा अडवत नाही. तलावाने किल्ल्याची जितकी जमीन घेतली आहे, तितके अन्न तलावाकडूनच वसूल केले पाहिजे. किल्ल्यातला खेळाडू शेतांवर जगू पाहतो तेव्हा तो पाण्याची किंमत चुकती करतो आणि माल मात्र घरी नेत नाही.

टाऊन सेंटर काठाला चिकटवू नका, दोन ते तीन चौकोनांची मोकळी पट्टी राहू द्या. गावकऱ्यांना त्या पट्टीतून ये-जा करता आली नाही, तर हल्ल्याच्या वेळी ते इमारतींना वळसा घालत बसतात आणि मारले जातात. टाऊन सेंटरपासून दूरच्या काठावर मात्र मुद्दाम घरे ओळीने बांधा. घर २५ लाकडाचे असते, आणि जिथे काठावर इमारतच उभी आहे तिथे शत्रूच्या वाहतूक नौकेला सैनिक उतरवायला जागा मिळत नाही.

कॅसलविषयी मतभेद आहेत, मी माझे मत सांगतो. कॅसलचा पल्ला ८ चौकोन आहे, तर शेवटच्या युगात मिळणाऱ्या कॅनन गॅलियन या तोफांच्या जहाजाचा १३. म्हणजे काठावरचा कॅसल तिसऱ्या युगात तलावाचा राजा असतो आणि चौथ्या युगात नुसते लक्ष्य. त्याला १३ चौकोन आत न्यावे तर किल्ल्यात तेवढी खोलीच नाही. म्हणून कॅसल पश्चिमेच्या दरवाजावर ठेवावा, जिथे जमिनीवरचा शत्रू येणार आहे, आणि तलाव जहाजांनीच राखावा. पाण्याचे रक्षण दगडाने होत नाही, हे मी बरेच डाव हरल्यावर शिकलो.

उताराचे_शहर, मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात (उत्तर)

वरील उत्तर 'एज ऑफ एम्पायर्स २' पुरते अगदी बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याने इतर खेळांचाही उल्लेख केला आहे म्हणून एक भर घालतो. 'पाण्यावरून कोण जाऊ शकते' हा प्रश्न युद्धाच्या खेळांचा आहे. शहर वसवण्याच्या खेळांत पाणी स्वतःच जात असते आणि तिथे विचारायचा प्रश्न 'हे पाणी कुठून कुठे जाते' असा असतो.

'सिटीज: स्कायलाइन्स' (२०१५) मध्ये नदीचा प्रवाह खरोखर वाहतो. पाणी उपसण्याचे केंद्र प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि सांडपाणी सोडण्याची जागा खालच्या अंगाला ठेवली नाही, तर शहर आपलेच सांडपाणी पिते आणि लोक आजारी पडतात. हे एका वाक्यात सांगता येते, पण खेळताना चूक होते ती निराळ्याच ठिकाणी. शहर वाढते, पुढे आपण वीज मिळवण्यासाठी त्याच नदीवर धरण बांधतो, धरणामुळे प्रवाह मंदावतो आणि वरच्या बाजूला पाणी फुगते. मग ज्या जागा पहिल्या दिवशी बरोबर होत्या, त्या एकेक करून चुकीच्या ठरू लागतात. म्हणून नदीकाठी पहिली इमारत ठेवताना शेवटचे धरण कुठे येणार आहे याचा विचार करावा लागतो.

'सिव्हिलायझेशन ६' (२०१६) मध्ये प्रवाह दिसत नाही, पण शहराची जागा निवडण्याचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे पाण्याशी बांधलेला आहे. नदी, तळे किंवा मरूद्यान लागून असेल तर शहराला वस्तीची क्षमता ५ मिळते, समुद्रकिनारी ३ आणि पाण्याविना केवळ २. अक्वाडक्ट, म्हणजे जलवाहिनी, ही शहराच्या मध्याला आणि नदी, तळे, मरूद्यान किंवा डोंगर यांपैकी एकाला अशी दोन्हींकडे लागूनच बांधावी लागते, आणि कोरड्या शहराची क्षमता ती ६ पर्यंत नेते. याचा अर्थ असा की शहर थेट नदीवर न वसवता एक षट्कोन, म्हणजे नकाशावरचे एक घर, मागे वसवले, तरी मधला षट्कोन जलवाहिनीसाठी राखून ठेवता येतो. पुढे 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारात (२०१९) औद्योगिक विभागाला जलवाहिनी आणि धरण या दोहोंच्या शेजाराचा लाभ मिळू लागला, त्यामुळे नदीकाठचा तो एक मोकळा षट्कोन आणखी मोलाचा झाला. नवे खेळाडू तो सुरुवातीलाच एखाद्या शेताला देऊन बसतात.

याच खेळात भारताची निवड केली तर बारव बांधता येते. ती टेकडीवर बांधता येत नाही आणि एका बारवेला लागून दुसरी बांधता येत नाही. आपल्या भागात मोठा झालेल्या माणसाला हे दोन्ही नियम समजावून सांगावे लागत नाहीत. बारवेने अन्न आणि वस्तीची क्षमता दोन्ही वाढतात, म्हणून जिथे नदी नाही अशा शहरात मी घरे आणि शेते आधी न मांडता बारवांच्या जागा आधी ठरवतो आणि शेते त्यांच्याभोवती आणतो.

माझ्या सर्वात जवळचा खेळ मात्र 'टिंबरबॉर्न' आहे. बीव्हर या नदीवर बांध घालणाऱ्या प्राण्यांची वस्ती चालवण्याचा हा खेळ २०२१ पासून खेळायला मिळू लागला. त्यात दर काही दिवसांनी दुष्काळ येतो, झरे आटतात आणि पाण्याजवळची हिरवी जमीन सुकून पिके मरतात. त्यामुळे इमारत कुठे ठेवायची याआधी पाणी कुठे अडवायचे हे ठरवावे लागते. मी पहिल्या काही वस्त्यांत पसरट, उथळ बंधारे घातले आणि ते दिसायला मोठे दिसत, पण बाष्पीभवन पृष्ठभागाच्या प्रमाणात होत असल्याने दुष्काळ अर्ध्यावर येईपर्यंत ते कोरडे पडत. अरुंद आणि खोल साठा टिकतो. पाण्याचे हौद, शेते आणि घरे कशी मांडायची हे मग त्या खोल साठ्याच्या कडेवरून ठरते. लहानपणी आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येत असे आणि घरातल्या सर्व भांड्यांची मांडणी त्या एका दिवसाच्या हिशेबाने केलेली असे. तो हिशेब या खेळात मला जसाच्या तसा उपयोगी पडला.

तळ्याकाठी, सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. गॅलीवाला सर, आपला अंदाज अचूक आहे, खंदक दोन्ही टोकांना तलावाला जोडलेला आहे. आम्हाला वाटले होते की पाणी खेळते राहील तर नकाशा खरा वाटेल. एका डावात शत्रूची तीन जहाजे पश्चिमेच्या दरवाजासमोर कशी आली हे आम्हाला त्या दिवशी कळलेच नव्हते.

एक शंका राहते. डॉक, मासळी, जहाजे हे सगळे किल्ल्यातल्या खेळाडूने करायचे, तर किल्ल्याचा उपयोग काय राहिला? ज्यांनी प्रत्यक्षात तलावाशेजारी किल्ला उभारला, त्यांनी तिथे आरमार तर ठेवले नव्हते.

बोरीकाठ, निवृत्त, सोलापूर (उत्तर)

मी खेळ फारसा खेळत नाही. नातवाशेजारी बसून पाहतो आणि त्याला प्रश्न विचारतो. माझे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेले, म्हणून आपल्या शेवटच्या शंकेवर लिहावेसे वाटले.

भुईकोट बांधणाऱ्यांच्या दृष्टीने तलाव हा तटाच्या खर्चातली बचत होती. पूर्वेला तलाव असल्यामुळे खंदक तिन्ही बाजूंनाच खोदावा लागला. खोदाई, दगड, मजूर यांचा विचार केला तर ही बचत मोठी आहे. त्या पाण्यावर कोणी लढाऊ जहाज आणणार नव्हते, कारण सोलापूरच्या तलावात जहाज येणार कुठून? म्हणजे गॅलीवाल्यांनी सांगितलेला पहिला प्रकार, फुकटची भिंत, हाच त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांच्या काळी बरोबर होता. मात्र पाणी माणसाला अडवते, तोफगोळ्याला अडवत नाही. मे १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या फौजेने तोफा लावून हा किल्ला घेतला, तेव्हा खंदक आणि तलाव दोन्ही जागच्या जागी होते. आपल्या खेळात जे १३ चौकोनांच्या पल्ल्याने होते, तेच इथे झाले.

पण पाण्याचा उपयोग याहून पुढे जाऊन कसा करतात हे पाहायचे असेल, तर हैदराबादच्या रस्त्याने नळदुर्गला जावे. तिथे बोरी नदी किल्ल्याच्या पोटातून वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तिच्यावर जो बंधारा घातला गेला, तो एकाच वेळी चार कामे करतो. तो पाणी साठवतो, नदीच्या अंगाने किल्ल्याचे रक्षण करतो, मुख्य किल्ला आणि समोरच्या काठावरचे रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा रस्ता होतो, आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बसवलेला आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून पडणारे नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायला लोक जातात. मी मात्र दर वेळी रणमंडळाच्या बाजूला थोडा वेळ उभा राहतो, कारण खरी अक्कल तिथे आहे. समोरचा काठ मोकळा सोडला असता, तर तो शत्रूने घेतला असता. बांधणाऱ्यांनी तो काठ आधीच आपल्या तटात घेतला आणि नदी दोन काठांच्या मधे कोंडून टाकली.

आपल्या नकाशात किल्ल्याकडे फक्त पश्चिम काठ आहे. समोरचा अख्खा काठ आपण शत्रूला दिलात, मग तलाव त्याचाच होणार. किल्ल्यातल्या खेळाडूला पलीकडे एखादे लहानसे ठाणे, दोन मनोरे आणि थोडा तट सुरुवातीलाच दिला, तर शत्रूला डॉक कुठे बांधता येईल यावर मर्यादा येईल.

एक इशाराही देतो, कारण नातवाच्या खेळात मी ही चूक पाहिली आहे. कोरडे दिसणारे पात्र म्हणजे मोकळी जमीन नव्हे. 'फॅरो' या १९९९ च्या खेळात नाईलच्या पूरमैदानात शेते करता येतात, पण घरे आणि कोठारे पुराच्या रेषेबाहेर ठेवावी लागतात, आणि 'सिव्हिलायझेशन'च्या त्या विस्तारातही पूर येऊन काठावरचे बांधकाम मोडते, जमीन मात्र सुपीक करून जाते. आपल्या जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. १७०० साली औरंगजेबाची छावणी सांगोल्याजवळ खवासपूरला माण नदीच्या दोन्ही काठांवर आणि कोरड्या पात्रातही पसरली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री वरच्या भागातल्या पावसाचे पाणी आले, छावणीची दाणादाण उडाली, आणि पळापळीत बादशहाचा गुडघा निखळून तो कायमचा अधू झाला. ज्यांच्याकडे हिंदुस्थानातली सर्वात मोठी फौज होती, त्यांनाही पात्रात तंबू ठोकण्याचा मोह आवरला नाही, कारण सपाट जागा तीच होती. खेळाडूलाही काठाची सपाट जागा अशीच मोहात पाडते.

गॅलीवाला, होटगी रस्ता

काका, नळदुर्गचे उदाहरण फार मोलाचे आहे आणि मी ते या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. तरीही पलीकडे ठाणे द्यावे या सूचनेशी मी सहमत नाही. या खेळात सुरुवातीलाच मिळालेले दोन मनोरे फार जड जातात. माळावरच्या खेळाडूचे गावकरी त्यांच्या माऱ्यात आले, तर पहिल्या दहा मिनिटांत डाव संपेल आणि असमतोल उलट्या दिशेने होईल.

त्याऐवजी मंदिराच्या रस्त्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. तो रस्ता एडिटरमध्ये जमिनीचा केला आणि दोन्ही काठांना भिडवला, तर एका तलावाचे दोन तलाव होतात आणि उत्तरेची जहाजे दक्षिणेला जाऊ शकत नाहीत. तो उथळ पाण्याचा केला, तर पायदळही चालते आणि जहाजेही पलीकडे जातात. तो बेटापर्यंतच आणून थांबवला, तर बेट ही एक तिसरी जागा होते, जिच्यावर मनोरा बांधणारा खेळाडू दोन्ही काठांवर लक्ष ठेवू शकतो. या तीन पर्यायांनी तीन वेगळे खेळ होतात. तलावाचा आकार बदलण्याची गरजच नाही, त्यामुळे आपल्या भावालाही पटावे.

तळ्याकाठी, सोलापूर

गेल्या आठवड्यात आम्ही खंदकाच्या दोन्ही टोकांना बांध घातले, टाऊन सेंटर काठापासून तीन चौकोन आत घेतले आणि डॉक त्याच्या समोरच ठेवला. तलावात खोल पाण्यातले थवेही वाढवले, मात्र ते मध्यरेषेवर ठेवले, म्हणजे ते कोणाचेच घरचे नाहीत. मंदिराचा रस्ता प्रथम जमिनीचा करून पश्चिम काठापासून बेटापर्यंत आणला. काकांची सूचना आम्ही अर्धी स्वीकारली. पलीकडच्या काठावर मनोरे दिले नाहीत, पण तिथला एक लांब भाग झाडांनी भरून टाकला. आता माळावरच्या खेळाडूला डॉक बांधायला दोनच ठिकाणी मोकळा काठ मिळतो आणि किल्ल्यातल्या खेळाडूला कुठे लक्ष ठेवायचे ते आधीपासून ठाऊक असते. झाडे तोडून तो काठ वाढवू शकतो, पण त्याला वेळ लागतो आणि ती तोड दिसून येते.

यानंतर ७ डाव झाले आणि त्यांपैकी ४ किल्ल्याने जिंकले. आकडा लहान आहे, पण हरण्याच्या रीतीही आता वेगवेगळ्या झाल्या आहेत. एक डाव किल्ल्याने गमावला तो पश्चिमेच्या दरवाजावर, आणि त्या वेळी तलावात शत्रूचे एकही जहाज उरले नव्हते. दुसऱ्या एका डावात भावाने ११ फिश ट्रॅप लावले, तटाच्या आत एकही शेत केले नाही आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत तबेले बांधून माझ्यावर घोडदळ सोडले. मी पूर्वी त्याच जागेत शेते दाटीवाटीने लावत असे.

बेटाविषयी मात्र निर्णय झालेला नाही. रस्ता पश्चिमेकडूनच असल्यामुळे बेटावर पहिला मनोरा नेहमी किल्लाच बांधतो, आणि माळावरच्या खेळाडूला तिथे पोहोचण्यासाठी वाहतूक नौका करावी लागते. भावाचे म्हणणे आहे की बेटाच्या पूर्वेला चार चौकोनांचे उथळ पाणी ठेवून दुसरीही वाट करावी. मला भीती अशी की मग पूर्वेचे पायदळ बेटावरून थेट तटापर्यंत चालत येईल आणि तलाव असून नसल्यासारखा होईल. रविवारी दोन्ही प्रकारे प्रत्येकी तीन डाव खेळून पाहणार आहोत. नकाशाची फाईल इथे जोडतो. गॅलीवाला सर, आपल्याला सवड असेल तर माळाच्या बाजूने एक डाव आपण खेळावा आणि उथळ पाण्यातून आपण पहिला हल्ला कुठे केला असता तेवढे कळवावे.